घरचा संगणक आणि मराठी अक्षर

यंत्रांचा इतिहास बहुधा यंत्र घडविणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. शोध कोणी लावला, केव्हा लावला, पुढे त्यात कोणत्या सुधारणा झाल्या, याच्या नोंदी साक्षेपाने ठेविल्या जातात. परंतु त्याच यंत्रापुढे बसून ज्याने चार ओळींच्या पत्रासाठी अख्खी संध्याकाळ खर्ची घातली आणि शेवटी ते पत्र हातानेच लिहून टाकले, त्याची नोंद कोणत्याच दप्तरात सापडत नाही. मराठी कुटुंबांत संगणक आला त्याला आता तीस वर्षे होत आली. या काळात मराठी लिहू इच्छिणाऱ्या सामान्य माणसाची त्या यंत्राने कशी व का अडवणूक केली, हे या दुसऱ्या बाजूने पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय ज्या ठिकाणाहून पाहावयाचा त्या ठिकाणाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आमचे शाहपूर मध्य प्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. केळीच्या बागा, तापीचे खोरे, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा येथील संसार. १९५६ पूर्वी हा मुलूख ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्याच्या राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिला, आणि मराठी ही येथे केवळ घरची भाषा उरली. या स्थित्यंतराची खूण गावांच्या नावांतही उमटली आहे. १९६२ साली मान्य झालेल्या मराठी लेखनविषयक नियमांप्रमाणे ग्रामनामांतील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचे. म्हणून आम्ही पत्रावर ‘शाहपूर’ लिहितो आणि गावाच्या पाटीवर ‘शाहपुर’ असते. जिल्ह्याचे नाव आम्ही ‘बुऱ्हाणपूर’ लिहितो, सरकारी कागदावर ते ‘बुरहानपुर’ असते. हा एकच शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्यातील ‘ऱ्हा’, ‘ण’ आणि ‘पू’ या तीन अक्षरांत या लेखाचा बराचसा विषय सामावलेला आहे.

यंत्रासाठी लिपीने वाकावे, ही मागणी संगणकाने प्रथम केली असे नाही. टंकयंत्रावर कळा चाळीस-पंचेचाळीस, प्रत्येक कळीवर दोन खुणा. म्हणजे सुमारे नव्वद खुणांत बाराखडी आणि जोडाक्षरे बसवावयाची. इंग्रजीला ही जागा ऐसपैस होती, नागरीला ती अपुरी पडली. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना लिपिशुद्धीची चळवळ चालविली, तीत ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार होता, आणि छपाईची व टंकनाची सोय हे तिचे एक मोठे कारण होते. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे नेण्याची शिफारस केली. लोकांनी ती स्वीकारली नाही. ज्या वेलांटीसाठी विद्वानांची परिषद भरली, तो प्रश्न पुढे तीसेक वर्षांनी अगदी साध्या रीतीने सुटला. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ दाबावा, मग वेलांटी दाबावी. ती डावीकडे नेऊन बसविण्याचे काम यंत्राने करावे! टंकयंत्रावर आधी वेलांटी आणि मग अक्षर, म्हणजे कागदावर दिसते त्या क्रमाने लिहावे लागे. संगणकाने उच्चाराचा क्रम स्वीकारला. लिपीची बाजू घेऊन यंत्राला वाकविल्याचे हे पहिले मोठे उदाहरण होय, आणि त्याचे श्रेय आपल्याच संशोधकांना आहे.

या संशोधनाचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. कानपूरच्या आय. आय. टी.त ‘जिस्ट’ या नावाचे तंत्र विकसित झाले आणि १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाल्यावर ते तेथे वाढले. संगणकात एक पत्रा बसविला की पडद्यावर नागरी अक्षरे उमटत. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ नावाचा कळफलक आखून दिला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला होती. शिवाय सर्व भारतीय लिप्यांना मांडणी एकच. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ ही अक्षरांची सांकेतिक प्रमाण-सारणी प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या वर्षी अजून आपल्याकडच्या शेकडा एका घरातही संगणक नव्हता, त्या वर्षी मराठी लिहिण्याची सुव्यवस्थित, शास्त्रशुद्ध योजना तयार होती.

मग ती घरापर्यंत का पोहोचली नाही? या प्रश्नाचे एक उत्तर फार क्षुल्लक वाटेल, पण आम्हांला ते महत्त्वाचे वाटते. बाजारात विकल्या जाणाऱ्या कळफलकांवर नागरी अक्षरे छापलेलीच नसत. योजना पुस्तकात होती, कळीवर नव्हती. ‘ळ’ कोठे आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याने तो कोठे शोधावा? (तो इंग्रजी ‘एन’च्या कळीवर, शिफ्ट दाबून आहे. हे सांगणारे मनुष्य आमच्या पंचक्रोशीत त्या काळी एकही नव्हते.) दुसरे उत्तर पैशाचे आहे. जिस्टचा पत्रा कचेऱ्यांसाठी होता. घरी एखादे स्तोत्र, लग्नाची आमंत्रणपत्रिका किंवा मुलाच्या अर्जाचा मसुदा लिहिणाऱ्यासाठी नव्हता.

ही पोकळी फाँटांनी भरून काढली. १९९५ नंतर विंडोज घरोघर येऊ लागली आणि तिच्याबरोबर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावे गल्लीतल्या छपाईवाल्यांच्या तोंडी झाली. या फाँटांनी मराठी मुद्रणाची जी सेवा केली ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांची युक्ती काय होती, हे समजल्यावाचून पुढील हालांचा उलगडा होत नाही. संगणकाच्या लेखी ते अक्षर मराठी नसेच. इंग्रजी अक्षरांच्या जागी नागरीची चित्रे बसविलेली असत, एवढेच. कृतिदेवात ‘भारत’ असे लिहिले की पडद्यावर ‘भारत’ दिसे खरे. परंतु यंत्राच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरे साठविली जात. ज्या संगणकावर तो फाँट नसेल तेथे तीच पाच अक्षरे उघडी पडत.

त्यातही प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी निराळी होती. महाराष्ट्रात श्रीलिपीसारख्या मराठी फाँटांचा प्रसार अधिक, मध्य प्रदेशात कृतिदेवाचे राज्य. जळगाव-भुसावळकडच्या नातेवाइकाने पाठविलेला मजकूर आमच्या गावी उघडला की त्या जागी इंग्रजी अक्षरांचा, टिंबांचा आणि स्वल्पविरामांचा ढीग दिसे. रावेरहून शाहपूरला येणारा माणूस तासा-दीड तासात येतो आणि आल्यावर आपली भाषा बोलतो. त्याचे पत्र मात्र सीमा ओलांडताच मुके होई. पाठविणारा म्हणे, माझ्याकडे बरोबर दिसते. घेणारा म्हणे, माझ्याकडे बिघाड आहे. दोघेही प्रामाणिक होते. आणि दोघेही शेवटी असे मानून चालत की आपल्याला संगणक येत नाही.

हा शेवटचा समज आम्हांला या सर्व इतिहासातील सर्वांत दुःखद गोष्ट वाटते. टंकयंत्राची कळ अडकली तर कोणी स्वतःला अडाणी समजत नसे. तो यंत्र दुरुस्तीला नेई. संगणकापुढे बसलेल्या सुशिक्षित माणसालाही दोष आपलाच आहे असे वाटू लागले. अनेक शिक्षकांनी, निवृत्त कारकुनांनी आणि गृहिणींनी याच समजुतीने तो खोलीच्या कोपऱ्यात झाकून ठेविला.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत भारतीय लिप्यांची योजना इस्कीच्या आधारावरच केलेली होती. प्रत्येक अक्षराला जगात एकच क्रमांक, मग फाँट कोणताही असो. विंडोज २००० मध्ये नागरीची सोय आली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फाँट आला. मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी हे त्याचे रचनाकार. २००८ साली ते निवर्तले. जगातील कोट्यवधी पडद्यांवर ज्याचे नागरी अक्षर पोहोचले तो मनुष्य मराठीतला होता, ही गोष्ट आपल्या साहित्यसंस्थांनी जितकी सांगावयास हवी तितकी सांगितलेली नाही.

परंतु सोय असणे आणि ती सापडणे यांत अंतर असते. घरोघर जी विंडोज पसरली ती २००१ सालची ‘एक्सपी’. तीत मराठी होती, पण झोपलेली होती. तिला जागे करण्यासाठी नियंत्रण-पटलात जावयाचे, तेथे प्रदेश व भाषा यांविषयीची खिडकी उघडावयाची, तिच्या भाषाविषयक पानावर एक रिकामा चौकोन होता त्यात खूण करावयाची. त्या चौकोनापुढील इंग्रजी वाक्याचा आशय असा होता : जटिल लिप्यांसाठी आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी लागणाऱ्या फायली बसवा, थाईसह. वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. त्यात मराठी नाही, हिंदी नाही, भारताचे नाव नाही. आपली मातृभाषा ही ‘जटिल लिपी’ आहे हे ज्याला आधीपासून ठाऊक असेल त्यालाच तो चौकोन सापडावयाचा. पहिलीतले पोर जी लिपी वर्षभरात शिकते, तिला जटिल म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. ती खूण केल्यावर संगणक मूळ तबकडी मागे. स्थानिक दुकानदाराने सुटे भाग जोडून दिलेल्या संगणकाबरोबर अशी तबकडी बहुधा येतच नसे. तेथे प्रवास संपे. मग पडद्यावर एक तर रिकामे चौकोन दिसत, नाही तर अक्षरे सुटी सुटी होऊन वेलांटी भलत्याच बाजूला लोंबे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. परंतु पुढील काही वर्षे पुष्कळ घरांत त्याचे पान उघडले असता नेमके हेच दृश्य दिसत होते. २००७ साली आलेल्या ‘व्हिस्टा’पासून हा चौकोन गेला आणि लिपी आपोआप जागी असू लागली. मधली पाचसहा वर्षे मात्र एका न सापडलेल्या खुणेपायी वाया गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता त्या ‘ऱ्हा’कडे वळू. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत भोजन कोण वाढणार आणि व्याख्यान कोण देणार एवढा फरक आहे. मराठी शाळेतील प्रत्येक शिक्षक ही जोडी फळ्यावर लिहितो. हिंदीला या अर्ध्या ‘र’ची गरज नाही, मराठीला आणि नेपाळीला आहे. युनिकोडच्या सारणीत टिंब दिलेला ‘ऱ’ प्रारंभापासून होता, परंतु त्याचे मुख्य प्रयोजन द्राविडी भाषांतील एक ध्वनी नागरीत लिहिणे, असे नोंदविलेले होते. त्याचे अर्धे रूप हाच आपला ‘ऱ्’, ही गोष्ट तेथे पोटटीपेत होती. इन्स्क्रिप्टवर हा ‘ऱ’ इंग्रजी ‘जे’च्या कळीवर शिफ्टसह मिळतो, त्याला हलन्त जोडून पुढे ‘य’ किंवा ‘ह’ लिहावा. दुसरीही एक वाट आहे : साधा ‘र’, हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह, आणि मग ‘य’. दोन्ही वाटांनी पडद्यावर उमटणारे अक्षर हुबेहूब सारखे. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते दोन निराळे शब्द. एका रीतीने लिहिलेला ‘बुऱ्हाणपूर’ दुसऱ्या रीतीने लिहून शोधला तर साधा शोध त्याला नाही म्हणून सांगतो.

‘ॲ’चीही हीच कथा. ‘ॲड्रेस’, ‘ॲक्ट’ यांतील हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली दाखल झाले. तोपर्यंत लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत होते आणि आजही अनेकजण तसेच करतात. जुन्या संगणकावर नवे अक्षर पाठविले तर चौकोन दिसतो. नव्यावर जुने लिहिले तर डोळ्यांना फरक कळत नाही आणि शोधात शब्द निसटतो. टंकयंत्राची उणीव कागदावर दिसत असे, म्हणून तिच्यावर परिषदा भरल्या. ही उणीव दिसतच नाही. म्हणून तिच्याविषयी आपल्या संमेलनांत एखादा ठराव तरी झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

पटावरील नावे अनुक्रमाने लावण्याचा प्रसंग प्रत्येक शाळेत येतो. मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर ‘ळ’ आणि अखेरीस ‘क्ष’, ‘ज्ञ’ येतात. हिंदी कोशांत ‘क्ष’ हा ‘क’च्या आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’च्या पोटात धरला जातो, आणि युनिकोडच्या मूळ क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगोलग, ‘व’च्या आधी आहे. परिणामी संगणकाला यादी लावावयास सांगितली की ‘काळे’ हे ‘कावरे’ व ‘काशीद’ यांच्या आधी येऊन बसतात, ‘क्षमा’ ‘खंडू’च्या आधी आणि ‘ज्ञानेश्वर’ ‘ज्योती’च्या आधी. मराठीचा हा निराळा क्रम पुढे युनिकोड संस्थेच्या माहितीसंचात नोंदविला गेला आहे. परंतु तो लागू होण्यासाठी लेखनाची भाषा ‘मराठी’ अशी निवडलेली असावी लागते आणि प्रत्येक प्रणालीने तो मानावा लागतो. आमच्या भागातील संगणकांवर ही निवड हिंदीची असते. गुरुजी यादी पाहतात, चूक आहे असे त्यांना वाटते, आणि यंत्र चुकणार नाही या श्रद्धेने ते ती तशीच चिकटवितात. चार वर्षे अशी यादी पाहिलेल्या मुलाला वर्णमालेचा कोणता क्रम खरा वाटेल?

उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरे दाबून नागरी उमटविण्याच्या सोयी आल्या, ‘गमभन’सारखी खास मराठीची साधने आली, तेव्हा घरगुती लेखकाला प्रथमच मोकळा श्वास घेता आला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. ऑगस्ट २०१७ पासून गूगलच्या आवाजी लेखनात मराठीचा समावेश झाला, आणि ज्यांनी कळफलकाला कधी हात लावला नव्हता असे वृद्ध लोक दूरध्वनीपुढे बोलून निरोप लिहू लागले. परंतु येथेही सीमेवरचा माणूस अर्धवटच सुटला. आमच्याकडे घेतलेल्या यंत्रावर बहुधा हिंदी आधीच निवडलेली असते, आणि ती साधने ‘पाटील’ लिहू लागताच ‘पाटिल’ सुचवितात, ‘शाळा’ऐवजी ‘शाला’ पुढे करतात. सुचविलेला शब्द निवडणे एका कळीचे काम, योग्य शब्द लिहिणे चार कळांचे. त्यातून ज्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटते तो चुकीचा, अशी मुलांची समजूत झालेली असते. हिंदी निवडलेल्या पानावर मराठीत परिच्छेद लिहिला म्हणजे निम्मे पान लाल होते. आपल्या आजीची भाषा संगणकाला चूक वाटते, असे एका विद्यार्थिनीने वर्गात सहज बोलून दाखविले होते; तिला काय उत्तर द्यावे याचा विचार आम्ही अजून करीत आहो.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपे निश्चित केली. देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ ही मराठी वळणे तीत सांगितली आहेत. तो निर्णय महाराष्ट्रापुरता. मध्य प्रदेशात नोकरीसाठी जी संगणक-प्रवीणता परीक्षा द्यावी लागते तीत हिंदी टंकलेखनाची कसोटी असते, तीही रेमिंग्टन किंवा इन्स्क्रिप्ट या मांडणीवर. म्हणून आमच्याकडचा तरुण जे शिकतो ते हिंदी टंकन. इन्स्क्रिप्ट शिकलेल्याला मराठीसाठी वेगळे काही शिकावे लागत नाही, कारण मांडणी तीच आहे. केवळ शिफ्टसह दोन कळा, ‘ळ’ची आणि ‘ऱ’ची, कोणीतरी दाखवून द्यावयास हवी. एवढे काम शाळेतील एका तासिकेत होते, आणि ते आमच्या शाळेत आम्ही करवितो. रेमिंग्टन शिकलेल्याची वाट मात्र बिकट आहे, कारण त्याचे हात वेलांटी आधी दाबावयास सरावलेले असतात.

जुन्या फाँटांत लिहिलेल्या मजकुराचा प्रश्न अद्याप शिल्लकच आहे. सीमाभागातील वाचनालयांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, गावच्या भजनी मंडळांची पदसंग्रहाची हस्तलिखिते, हौशी लेखकांची आत्मकथने, असे १९९५ ते २०१० या काळातील कितीतरी लेखन छापील प्रत संपल्यावर केवळ तबकड्यांवर आणि बंद पडलेल्या संगणकांत राहिले आहे. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. मूळ फाँट कोणता हे ठाऊक असेल तर ती बरेचसे काम करतात; परंतु हिंदीसाठी बांधलेल्या साधनातून मराठी मजकूर गेला म्हणजे ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ या जागा एकेक करून हाताने तपासाव्या लागतात, आणि मूळ लेखक हयात नसेल तर ‘आचार्य’ अभिप्रेत होते की ‘आचारी’ हे संदर्भावरून ठरवावे लागते. गेल्या दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत शाळेच्या जुन्या वार्षिकांपैकी तीन अंकांचे असे शोधन झाले आहे. चौथ्या अंकाची तबकडी वाचली जाते, पण तिच्यावरील फाँट कोणता होता हे अद्याप ओळखता आलेले नाही.